लग्नाच्या प्रदर्शनाला जाताना: आधी काय ठरवायचं, तिथे काय विचारायचं, पैसे कधी द्यायचे

चातुर्मासात लग्नाचे मुख्य मुहूर्त नसतात, पण लग्नघरांची पळापळ तेव्हाच सुरू झालेली असते. तुळशीचं लग्न लागलं की पुढचे मुहूर्त अंगावर येतात, म्हणून त्याआधीच पुण्या-मुंबईत, नाशिक, कोल्हापूर, नागपुरात ‘वेडिंग एक्स्पो’, ‘ब्रायडल एक्झिबिशन’ अशा नावांनी दोन-तीन दिवसांची प्रदर्शनं भरतात. साड्या, दागिने, मेकअप, फोटोग्राफर, केटरर, सजावट, पत्रिका, रुखवत, सगळं एका छताखाली असतं.

ज्यांच्या घरात ठरलेले गुरुजी आहेत, दोन पिढ्यांचा आचारी आहे आणि लक्ष्मी रस्त्यावरचा किंवा दादरचा साडीवाला ओळखीचा आहे, त्यांना तिथे जायची फारशी गरज नाही. पण मुलगी पुण्यात नोकरी करते, आईवडील सांगलीला, मुलाकडचे ठाण्याला आणि शहरात हाताशी कुणी जाणतं माणूस नाही, अशा घरांना एक दिवसाचं प्रदर्शन खरोखर उपयोगी पडतं. माझं मत स्पष्ट आहे: तिथे माणसं पारखायची, भाव समजून घ्यायचे, नावं टिपायची. मोठी रक्कम मात्र घरी येऊन, चौकशी करून मगच द्यायची.

जाण्याआधी घरी बसून

तारीख आणि कार्यालय ठरलेलं नसेल, तर प्रदर्शनात निम्मी विचारपूस वाया जाते. फोटोग्राफर, मेकअप करणारी, केटरर यांचा पहिला प्रश्न “तारीख कुठली?” हाच असतो. दोन मुहूर्तांत घोळ चालला असेल तर दोन्ही तारखा लिहून न्या.

कार्यालय ठरलं असेल तर मॅनेजरला आधी फोन करून विचारा: बाहेरचा केटरर चालतो का? बाहेरचा सजावटवाला चालतो का? चालत असेल तर त्याचे वेगळे पैसे घेता का? बऱ्याच कार्यालयांचे आणि लॉन्सचे केटरर व डेकोरेटर ठरलेले असतात, बाहेरचा माणूस आणला तर ते जास्तीचे पैसे लावतात किंवा सरळ नकार देतात. हे न विचारता प्रदर्शनात केटररला आगाऊ रक्कम दिली, तर ती परत मिळवताना नाकी नऊ येतात. कार्यालय किती वाजता ताब्यात मिळतं, किती वाजता सोडायचं आणि स्टेजची लांबी-रुंदी किती, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

मग एका कागदावर कार्यक्रम लिहा. साखरपुडा, मेंदी, हळद, सीमंतपूजन, लग्न, रिसेप्शन, यांतलं काय करणार आहात आणि काय नाही? प्रत्येकासमोर अंदाजे पानं, म्हणजे जेवणारी माणसं, आणि त्या वेळी नवरा-नवरीचे कपडे. अष्टपुत्री मामाकडून येणार आहे का, शालू कोण घेणार, मानपानाच्या साड्या किती आणि साधारण कितीच्या, हेही त्याच कागदावर. खर्च दोन्ही घरं मिळून करणार असतील तर कुणी कशाचा करायचा, ते आधी बोलून घ्या. स्टॉलसमोर उभं राहून विहिणी-विहिणींनी हा विषय काढणं दोघींनाही जड जातं.

बरोबर तीन-चार माणसंच न्या. नवरी हवीच, आणि नवरामुलगाही हवा. सगळे कपडे आणि फोटोग्राफर बायकांनी ठरवायचे आणि त्याने लग्नाच्या दिवशी येऊन उभं राहायचं, हे मला पटत नाही. एका माणसाकडे फक्त वही आणि फोन द्या: नाव, भाव, काय काय मिळणार, आणि कार्डाचा फोटो. बोलणारा दुसरा असावा. मावशी, काकू, वहिनी सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर ते साडीच्या दुकानात, नंतर.

प्रदर्शन निवडतानाही थोडं बघा. पंचतारांकित हॉटेलात भरणाऱ्या प्रदर्शनांत बहुधा डिझायनर लेहंगे आणि जडावाचे दागिने जास्त असतात. नऊवारी, मुंडावळ्या, रुखवत हवं असेल तर स्टॉलची यादी आधी मागवा. अहेरासाठी आणि रुखवतासाठी लग्नाच्या प्रदर्शनापेक्षा पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस अधिक चांगलं, असा माझा कौल आहे. तिथे बचत गटाच्या बायका स्वतः केलेल्या वस्तू घेऊन बसतात, आणि पैसे वस्तू करणाऱ्याच्याच हातात जातात.

दारातला फॉर्म

प्रवेश फुकट असेल तर दारात फॉर्म भरून घेतात: नाव, फोन, लग्नाची तारीख, बजेट. त्या फॉर्मवरचा नंबर पुढे किती जणांकडे जाईल सांगता येत नाही. घरातला एखादा जादा नंबर असेल तर तो द्या. बजेटची चौकट रिकामी ठेवा, कारण तुमचा आकडा कळला की भाव त्याच आकड्यापासून सुरू होतात.

आत ‘लकी ड्रॉ’ची पेटी असते. काही दिवसांनी फोन येतो, “तुम्हाला तीन रात्री-चार दिवसांची सहल लागली आहे, जोडीने हॉटेलवर या.” तिथे गेल्यावर दोन-तीन तास सुट्ट्यांच्या सदस्यत्वाची विक्री चालते आणि त्याच बैठकीत लाखांतल्या करारावर सही मागतात. लग्नाच्या खर्चात ही भर कुणालाच नको असते. ती चिठ्ठी भरूच नका.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

जमलं तर पहिल्या दिवशी, उघडल्या उघडल्या जा. रविवारी संध्याकाळी स्टॉलवाल्याला तुमच्याशी नीट बोलायलाही वेळ नसतो. आधी पूर्ण हॉल फिरून या, काहीही न ठरवता.

दुसऱ्या फेरीचा क्रम महत्त्वाचा आहे. लग्नाच्या बाजारात दोन प्रकार असतात. फोटोग्राफर, मेकअप करणारी, मेंदीवाली, केटरर ही तारखेला बांधलेली माणसं. त्या मुहूर्तावर दुसऱ्याने त्यांना ठरवलं की ती गेली. साड्या, दागिने, पत्रिका, पेटारे आज मिळतात तसे महिन्यानेही मिळतील. म्हणून ताजं डोकं असताना माणसांशी बोला आणि वस्तू नंतर बघा. बहुतेक घरं नेमकं उलटं करतात: दारातल्या साड्यांच्या स्टॉलवर दोन तास जातात आणि फोटोग्राफरपाशी पोचेपर्यंत सगळे दमलेले असतात.

फोटोग्राफर

स्टॉलवरच्या स्क्रीनवर वीस लग्नांतले निवडक क्षण फिरत असतात. त्यावरून काही ठरवू नका. “एकाच लग्नाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंतचा अल्बम दाखवा” असं म्हणा. त्यात पंगतीतले आजोबा आहेत का, अंधाऱ्या कार्यालयातले फोटो कसे आलेत, अंतरपाट दूर झाला तो क्षण मिळालाय की मध्ये कुणाचं डोकं आलंय, ते बघा.

त्याला आपल्याकडचे विधी माहीत आहेत का, हे कळायला मी एक प्रश्न सुचवते: “कानपिळी कधी असते?” लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या वेळी योग्य जागी उभा असतो. ज्याला माहीत नाही, तो नेमका तेव्हा जेवायला गेलेला असतो.

पुढचे प्रश्न सरळ आहेत. स्टॉलवर बोलणारा माणूस स्वतः येणार की दुसऱ्या कुणाला पाठवणार? किती माणसं, किती तास? ठरल्यापेक्षा उशीर झाला तर तासाला किती? सगळे फोटो देणार की निवडलेले? अल्बमची किती पानं? गावाबाहेर लग्न असेल तर प्रवास आणि राहणं कुणाकडे? फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असाल तर आधी विचारणार का? आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच, हे लिहून घ्या. सगळे पैसे लग्नाच्या दिवशीच दिले तर अल्बमसाठी मागे लागायला आपल्या हातात काही उरत नाही.

मेकअप आणि साडी नेसवणं

स्टॉलवरच्या झगझगीत दिव्यांत कुणाचाही चेहरा छान दिसतो. ट्रायल घ्यायचा तो तिच्या जागी जाऊन, आणि झाल्यावर बाहेर उन्हात येऊन आरशात बघा, कारण आपली बरीचशी लग्नं दिवसा लागतात. त्वचा नाजूक असेल तर उत्पादन आधी हातावर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

मुहूर्त सांगा आणि विचारा, “ताई, तुम्ही किती वाजता याल?” सकाळचा मुहूर्त असेल तर तिला पहाटेच यावं लागेल. त्याच दिवशी तिने दुसरी नवरी घेतली आहे का, हे संकोच न करता विचारा. अष्टपुत्री नेसून विधी आणि नंतर शालू, म्हणजे साडी दोनदा नेसवायची आणि केसही बदलायचे. दुसऱ्या वेळचे पैसे पहिल्यातच धरलेत का? नऊवारी नेसवता येते की फक्त शिवलेलीच चालवतात? गजरे कोण आणणार? आई, करवली, वरमाय यांच्या तयारीचा दर वेगळा असतो, तोही लिहून घ्या.

केटररशी बोलताना

इथे चवीला गुलाबजाम किंवा चाट ठेवलेलं असतं. त्यावरून पाचशे पानांचा मसालेभात कसा होईल ते कळत नाही. चांगला केटरर विचारल्यावर सांगतो, “अमुक तारखेला आमचं काम आहे, येऊन चव बघा.” तिथे वरण-भात, अळूची भाजी आणि मठ्ठा चाखा. शेवटच्या पंगतीलाही मसालेभात गरम आहे का, वाढपी दुसऱ्यांदा जिलबी घेऊन फिरतात का, हेही बघा. ज्याला असं बोलवायची तयारी नाही, त्याचं नाव यादीत खाली ढकलावं.

पानाचा दर ऐकून लगेच तुलना करू नका. त्या दरात काय आहे ते आधी विचारा: सकाळचा चहा-नाश्ता, पिण्याचं पाणी, वाढपी, भांडी, गॅस, कर. एकाचा दर शंभराने कमी असतो आणि हे सगळं मोजल्यावर तोच महाग निघतो. कमीत कमी किती पानांचे पैसे द्यावेच लागतील? ऐन वेळी पन्नास पानं वाढली तर दर तोच का? अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा? पंगत हवी असेल तर स्पष्ट सांगा. बुफेची सवय असलेल्या मंडळींना पंगत नीट वाढता येतेच असं नाही, आणि विहीण पंगतीत वाढताना गोंधळ झाला तर तो वर्षानुवर्षं ऐकावा लागतो.

अन्न व्यवसायाला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी लागते. त्याचा क्रमांक १४ अंकी असतो. तो मागा आणि घरी येऊन एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तपासा.

सजावट, पत्रिका

सजावटवाल्याच्या अल्बममधलं स्टेज मोठ्या लॉनवरचं असतं. तुमच्या कार्यालयाची मापं सांगून मगच भाव विचारा. फुलं खरी की कापडी, आणि रात्रीचा कार्यक्रम असेल तर आवरायला वेळ मिळणार का, हे बघा. ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा संगीताचा कार्यक्रम त्या हिशेबाने बसवा. पत्रिकांचे नमुने बघून घ्या, छापायला मात्र जवळच्या छापखान्यात द्या. शुद्धलेखनाची दुरुस्ती समोर बसून करता येते.

पैठणी

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं थांबून. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिक जिल्ह्यातलं येवला आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं पैठण ही तिची दोन मुख्य गावं. प्रदर्शनात ‘पैठणी’ म्हणून जे टांगलेलं असतं त्यात हातमागाचीही असते, यंत्रमागाचीही, आणि रेशीम नसलेलीही.

पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया, आसावली उलट बाजूनेही जवळजवळ तसेच, स्वच्छ दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून गुंतवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत मोकळे गेलेले किंवा कापलेले दिसतात. मग सिल्क मार्कची खूण बघा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने चालणारी ही खूण धागा शुद्ध रेशमाचा असल्याचं सांगते. साडी हातमागाची आहे की नाही ते मात्र ती सांगत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. जर कोणती, टेस्टेड (म्हणजे नकली) की चांदीची, हेही विचारा आणि बिलावर लिहायला सांगा.

सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरची, वाईट असते असं मी म्हणत नाही. मानपानासाठी, करवल्यांसाठी ती छानच. तिचे पैसे मात्र तिच्या भावानेच द्यावेत. नवरीची पैठणी हातमागाचीच घ्यायची असेल आणि हाताशी दोन-तीन महिने असतील, तर स्टॉलवर विणकर किंवा त्याच्या घरचं कुणी आहे का बघा, पत्ता घ्या आणि एक दिवस काढून येवल्याला जा. माग चालताना बघितला की किंमत इतकी का असते ते आपोआप कळतं, आणि रंगही मनासारखा विणून मिळू शकतो.

सोनं

प्रदर्शनात दागिने बघायचे, फोटो काढायची परवानगी विचारायची, ठुशी, तन्मणी, लक्ष्मीहार गळ्याला लावून बघायचे. खरेदी पेढीवर.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या जिल्ह्यांत एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचे सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी ९१६) आणि एचयूआयडी. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात बांगडी आणि अॅपवर अंगठी, असं दिसलं तर तिथून उठा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या कामाला ही सक्ती नाही, त्यामुळे तिथे विश्वासाच्या पेढीखेरीज घेऊ नका.

घडणावळ ग्रॅमवर की टक्क्यांत? खडे, मोती, काळे मणी यांचं वजन वजा करून सोन्याचं निव्वळ वजन बिलावर लिहिणार का? मोडताना काय भाव धरणार? ‘घडणावळीवर पन्नास टक्के सूट’ असा फलक बघून हुरळून जाऊ नका. मूळ घडणावळ किती, हे विचारल्याशिवाय त्या सुटीला अर्थ नाही.

“ताई, आजच बुक केलंत तर...”

हे वाक्य प्रत्येक स्टॉलवर ऐकू येईल. स्टॉलचं भाडं त्यांनी भरलेलं असतं, त्यांची घाई समजण्यासारखी आहे. तुम्ही नम्रपणे म्हणा, “दादा, हाच भाव कार्डामागे लिहून तारीख घाला, आम्ही चार दिवसांत कळवतो.” बहुतेक जण लिहून देतात. जो देत नाही, त्याने त्याच्या कामाची पद्धत तुम्हाला आधीच दाखवली.

तिथल्या तिथे घ्यायला हरकत नसलेल्या गोष्टी म्हणजे मुंडावळ्या, हळदीचे दागिने, ओटीच्या पिशव्या, रुखवताची छोटी कामं. तारखेला बांधलेला एखादा माणूस मनापासून आवडला आणि तो सुटेल अशी भीती असेल, तर थोडी टोकन रक्कम द्या, बुडाली तरी घर हलणार नाही इतकीच. पावतीवर लग्नाची तारीख, ठिकाण, काय काय करणार, एकूण रक्कम आणि रद्द केल्यास किती परत, हे सगळं हवं. त्याबरोबर आणखी एक ओळ आपल्याकडे हवीच: सोयर-सुतक आलं किंवा मुहूर्त पुढे गेला, तर हीच रक्कम नव्या तारखेला धरणार का? घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर ही ओळ विसरू नका.

पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, व्यवसायाच्या नावावर. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याने विक्रेत्याला मनाई आहे, म्हणून “रोख द्या, बिल नको, कमी करतो” या बोलण्यात अडकू नका. बिल नसेल तर पुढे भांडायला आधारच राहत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री, आठवणी ताज्या असताना, वही उघडा. प्रत्येक कामासाठी दोन-दोनच नावं ठेवा. मग त्यांच्या दुकानावर, स्टुडिओवर जा. त्यांच्याकडून गेल्या हंगामातल्या दोन घरांचे नंबर मागा आणि त्या घरच्या आईशी बोला, नवरीशी नव्हे. नवरीला तो दिवस धूसर आठवत असतो. केटरर किती वाजता आला, जेवण कितव्या पंगतीला संपलं, हे आईला नेमकं ठाऊक असतं. ठरलं की साधा एक पानाचा करार करा, आणि व्हॉट्सअॅपवर झालेलं बोलणंही जपून ठेवा.

दिलेला शब्द कुणी पाळला नाही तर आधी लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगाकडे तक्रार करता येते, मग स्टॉलवाला दुसऱ्या शहरातला का असेना. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. लग्नातलं सगळ्यात शेवटी हाती येणारं काम म्हणजे अल्बम. तो येईपर्यंत पावत्यांची फाइल माहेरीच राहू द्या, सासरच्या सामानात बांधू नका.